ओटीवरची आगगाडी

रेवदंडा,
ता. ४ नोव्हेंबर १९३३

ती. गं. भा. वेणूवन्सं यांस,
कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र पावलं. गिरगावात सारे खुशाल आहात आणि तुमच्या हरेश्वरला बढती मिळाली, हे वाचून आनंद झाला. इकडे माणसं क्षेम आहेत. घराचं क्षेम विचारू नका, कारण घर आता माझं राहिलेलं नाही, रेल्वेचं झालं आहे.

कोकिळा वाढवून सांगते असं तुम्हाला वाटेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुमचे बंधू गार्डाची नोकरी मुदतीआधी सोडून कल्याणहून इकडे आले, त्याला दीड वर्ष झालं. रात्रपाळीचा कंटाळा आला, एवढंच म्हणाले. निरोपाच्या दिवशी सोबतच्या गार्डांनी थट्टेने चावीची आगगाडी दिली : एक इंजिन, तीन डबे आणि परातीएवढा गोल रूळ. दुसऱ्यांना घड्याळ मिळतं, काठी मिळते. मीही तेव्हा हसले. ती गाडी पाटावर गोल गोल फिरत होती तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण एक दिवस यांच्या मनात आलं, की खरी गाडी कधी स्वतःभोवती फिरत नाही, ती एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते. झालं! पत्र्याच्या पट्ट्या कापून रूळ केले, आणि त्यांच्याखाली घालायच्या फळ्यांसाठी माझ्या माहेरचे दोन सागवानी पाट करवतीखाली गेले. आता ही गाडी मांडव्याहून निघून अलिबाग, चौल, रेवदंडा करत मुरुडला जाणार आहे. ज्या किनाऱ्यावर सरकारने आजवर रुळाचा तुकडा टाकला नाही तिथे हे टाकणार, आणि तोही माझ्या ओटीवर. झोपाळा कड्यांसकट आढ्याला बांधून ठेवला आहे, कारण झोका आला की अलिबाग स्टेशन पडतं.

आपली तुळशी मुरुडहून माहेरपणाला आली तर लेकीची गादी फलाटावर घालू का, असं मी रागाने विचारलं. यांनी खरंच फलाटाची लांबी मोजली.

वर गाडी सारखी पडते. रूळ वाकडे टाकायचे आणि गाडी पडली की माझ्या केरसुणीला दोष द्यायचा. कालच म्हणाले, तू झाडतेस म्हणून सांधा हलतो. वन्सं, तो सांधा मला उभ्याने वाकडा दिसतो, यांना नाकाजवळ नेऊन दिसत नाही, याला काय म्हणावं?

तुमचा शब्द ते पडू देत नाहीत. चार कडक ओळी लिहा. लोभ आहे तो राहू द्या, आणि थोडा राग माझ्या वतीने भावासाठी राखा.

आपली,
कोकिळा


रेवदंडा,
ता. १२ नोव्हेंबर १९३३

ती. ताईस,
रामचंद्राचा सा. न. वि. वि.

कोकिळेने तुला माझ्याविरुद्ध तक्रार लिहिली आहे, हे मला ठाऊक आहे. तिची पत्रे टपालात टाकायला मीच जातो. तक्रार खोटी नाही, पण एकतर्फी आहे. बायकांना रेल्वेचे काम म्हणजे पोरखेळ वाटतो. मांडवा ते रेवदंडा मार्ग पुरा झाला असून खाडीवरील पुलाचे काम हाती घेतले आहे. पूल झाला की पलीकडे मुरुडपर्यंत सरळ जमीन, म्हणजे माजघर.

तुला काही जिन्नस पाठवायचे आहेत. तांबडा, हिरवा आणि पांढरा रंग, प्रत्येकी लहान डबा. डब्यांवर कागद चिकटवून रंगाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण दुकानदार घोटाळा करतात. पत्र्याची पट्टी. एक चांगले भिंग, हातात धरायचे, जितके मोठे मिळेल तितके. शिवाय जास्त उजेड देणारा कंदील असल्यास चौकशी कर. इकडील रॉकेल हल्ली फार निकृष्ट येते, भर संध्याकाळी काही दिसत नाही.

पार्सल आपल्या नजमुद्दीनभाईंच्या नावे द्यावे. त्यांचा मचवा दर आठवड्यास भाऊच्या धक्क्याला येतो. माणूस भरवशाचा आहे, घरात बोलणार नाही. तूही बोलू नये.

माझे अक्षर मोठे आले आहे ते बोरू जाड असल्यामुळे. गैरसमज नसावा.

तुझी माया लहानपणी होती तशीच पार्सलाबरोबर यावी.

तुझा,
रामचंद्र


गिरगाव, मुंबई,
ता. ३ डिसेंबर १९३३

चि. सौ. कोकिळेस,
वेणूचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसू आलं, ते आधी कबूल करते. अगं, पुरुष नोकरी सोडून घरी बसला की त्याला काहीतरी लागतंच. आमच्या चाळीतले एक गृहस्थ पेन्शनीत निघाल्यापासून बायकोला वांगी चिरायला शिकवतात. तीस वर्षं तिने चिरलेली वांगी गिळली, आणि आता म्हणतात फोडी सारख्या नाहीत. ती बिचारी मला म्हणाली, तुमच्या भावासारखी आगगाडी तरी काढली असती यांनी. तेव्हा तू भाग्यवान आहेस. दारू नाही, पत्ते नाहीत, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघरात लुडबुड नाही.

पाटांचं वाईट वाटलं. झोपाळ्याचं त्याहून वाईट वाटलं. मी त्याला लिहीन. पण कडक लिहायला मला जमेल असं नाही. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, माझ्या ओच्याला धरून वाढला. त्याच्यावर रागवायला बसले की मला तो ओचा धरलेला दिसतो.

तब्येतीला जप. आशीर्वाद मोजून देत नाही, लागतील तेवढे घे.

तुझी,
वेणू

ता. क. हिरवा रंग वाळायला दोन दिवस लागतात, तोवर त्याला हात लावू देऊ नकोस.


रेवदंडा,
ता. १० जानेवारी १९३४

ती. गं. भा. वेणूवन्सं यांस,
कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

कोणता हिरवा रंग?

ही एक ओळ लिहून पत्र संपवणार होते. पण मनात ठेवलं तर मला अन्न गोड लागणार नाही. मी तुम्हाला घरची माणसं म्हणून गाऱ्हाणं लिहिते, आणि तुम्ही चोराला दिवा दाखवता! नजमुद्दीनभाईंना दारात उभं करून विचारलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, वहिनी, मी फक्त बारदान आणतो, आत काय ते अल्लाला ठाऊक. माझ्या पाठीमागे सारा गाव आणि सारी मुंबई एक झाली आहे.

आता पुढचं ऐका. या गाडीची बातमी चौलापर्यंत गेली. रोज संध्याकाळी ओटीवर माणसं येतात. येऊ देत, पण ती नुसती बघत नाहीत, भांडतात. चौलची मंडळी म्हणतात, चौल जुनं बंदर, त्याचं स्टेशन रेवदंड्याहून मोठं हवं. रेवदंड्याची म्हणतात, मोठं हवं तर आपल्या ओटीवर बांधा. परवा दोन शहाणीसुरती माणसं वीतभर पत्र्यावरून धोतरं सावरून उभी राहिली. या सगळ्यांना चहा कोण देतं? मी देते. आपली मासळीवाली केसर, ती तर हटूनच बसली. खाडीच्या तोंडाशी गाडी थांबली पाहिजे, आमच्या टोपल्या कुठे चढवायच्या, असं तिचं म्हणणं. टेसन न्हाय तर म्हावरा न्हाय, म्हणाली, आणि खरंच आमचं दार टाळून पुढे गेली. आठवडाभर मी डाळीवर दिवस काढले. शेवटी यांनी तिला एक थांबा दिला तेव्हा घरात बोंबील आले.

आणि सिग्नलाची गोष्ट. डब्यांवरच्या कागदांना खळीमुळे मुंग्या लागल्या होत्या, म्हणून मी ते सोलून टाकले. दुसऱ्या दिवशी यांनी साऱ्या सिग्नलांचे हात रंगवले. संध्याकाळी माणसं जमली, गाडी निघाली, आणि केसर मोठ्याने म्हणाली, गार्डसाहेबांना तांबडा कुठला न् हिरवा कुठला कळत न्हाय व्हय? बघते तर थांबायचे हात हिरवेगार. सगळे हसले. हेही हसतील असं मला वाटलं. पण यांनी कुंचला अंगणात भिरकावला आणि वाडीत निघून गेले, जाताना रहाटाच्या खांबावर आपटले. मी मागून बोलले, जन्मभर बत्त्या दाखवल्या आणि दोन रंग सांभाळता येत नाहीत, लक्ष असतं कुठे? रात्री जेवलेही नाहीत.

माझा राग तुमच्यावर आहे. पार्सल पाठवलंत तर तुमची माझी कट्टी, हे वयाला न शोभणारं वाक्य मी मुद्दाम लिहिते. बाकी लोभाचं तुम्ही बघा.

कोकिळा


गिरगाव, मुंबई,
ता. २२ जानेवारी १९३४

चि. सौ. कोकिळेस,
वेणूचे अ. उ. आ.

रागावलीस ते बरोबर. पार्सलाचा गुन्हा माझा, माफी माग म्हणालीस तर कान धरून मागेन. पण आज थट्टा सुचत नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, मग त्याची पत्रं काढून जुळवली. मोठं भिंग पाठव. कंदील पाठव. डब्यांवर नावं मोठ्या अक्षरांत लिही. बोरू जाड आहे म्हणून अक्षर मोठं. आणि तू लिहितेस, वाकडा सांधा दिसत नाही, खांबावर आपटतो, तांबडं हिरवं कळत नाही. कोकिळे, तो शेवटचं वर्तमानपत्र तुझ्यासमोर कधी वाचत होता, आठवून बघ.

आमच्या आबांचे डोळे कसे गेले ते तुला कुणी सांगितलं नसेल, आम्ही कधी बोललोच नाही. ते याच वयाचे असताना भर दुपारी दिवा लाव म्हणायला लागले. मग एक फिरता डोळेवाला आला. सुईने पडदा बाजूला करतो म्हणाला. तुमच्या त्याच ओटीवर आबांना बसवलं, आणि त्यांचे हात धरायला रामचंद्राला सांगितलं, कारण मी बाहेर पळून गेले होते. दोन दिवस आबांना दिसलं, मग डोळा सडला, मग दुसराही गेला. रामचंद्र नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून डोळ्यांचा वैद्य म्हटलं की तो उठून जातो.

माझी शंका खोटी निघो. पण तू बघ. त्याला कळू न देता बघ.

देवाजवळ आज तुम्हा दोघांसाठी बसले आहे. जास्त काय लिहू?

तुझी,
वेणू


रेवदंडा,
ता. ५ फेब्रुवारी १९३४

ती. गं. भा. वेणूवन्सं यांस,
कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

बघितलं.

कसं बघावं ते सुचत नव्हतं. बोटं दाखवली असती तर लगेच कळलं असतं. मग दुपारी हे रुळाशी बसले असताना तुमचंच पत्र यांच्या हातात दिलं. वन्संचं आलंय, माझे हात कणकेचे आहेत, वाचून दाखवा, म्हटलं. यांनी ते उजेडाकडे धरलं, खाकरले, आणि वाचायला लागले.

वन्सं, पत्र उलटं होतं.

उलटं धरून हे घडाघड वाचत होते. चि. सौ. कोकिळेस अनेक आशीर्वाद. इकडे सारे खुशाल. हरेश्वर वेळेवर जेवतो. मग थोडं थांबून म्हणाले, पुढे तिने लिहिलंय, की कोकिळे, माझा भाऊ तुला फार त्रास देतो हे मला कळतं, त्यालाही कळतं, पण त्याला बोलता येत नाही. कल्याणच्या त्या दोन खोल्यांत तू संसार केलास, अवेळी आलेल्या माणसाला गरम जेवायला घातलंस, तुझ्याजागी दुसरी असती तर केव्हाच माहेरी गेली असती. तेव्हा थोडं सांभाळून घे. आपली वेणू.

भांडायचं ठरवून उभी होते, पण भांडायचं राहूनच गेलं. इतक्या वर्षांत असा एक शब्द मला कुणी बोललं नाही, ना तुम्ही ना यांनी. आणि बोलले ते तुमच्या तोंडून, उलट्या कागदावरून. ज्या कागदावर तुम्ही यांच्या डोळ्यांचं लिहिलं होतं, त्याच कागदावरून.

मग मी पत्र सरळ करून पुन्हा यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, आता या बाजूने वाचा. यांनी कागदाची घडी घातली. शेवटी सगळं सांगितलं. रात्रपाळीचा कंटाळा वगैरे काही नव्हतं. डोळे तपासताना नापास झाले म्हणून नोकरी सोडावी लागली. गार्डाला सिग्नल दिसत नाही हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगू, असं म्हणाले. मी म्हटलं, ज्या तोंडाने खोटी पत्रं वाचता त्याच तोंडाने.

आज टांग्याने अलिबागला नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, उजवा पुरता पिकला आहे, मुंबईला मोठ्या इस्पितळात काढतात आणि बहुतेकांना दिसतं. बहुतेकांना हा एक शब्द यांनी पकडून ठेवला आहे. परतीच्या वाटेवर टांगेवाल्यासमोर मला सांगितलं, पूल पुरा झाल्याशिवाय मी कुठे जाणार नाही. मी इंजिनाची चावी काढून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली आहे. बघू पूल कसा होतो.

वन्सं, हे रहाटाच्या खांबावर आपटले तेव्हा मी यांना बोलले होते. त्या दिवशीचं पुनःपुन्हा आठवतं. मला चार ओळी लिहा.

आपली,
कोकिळा


रेवदंडा,
ता. १७ फेब्रुवारी १९३४

ती. ताईस,
रामचंद्राचा सा. न. वि. वि.

हे पत्र भिंग लावून लिहितो आहे, तेव्हा आता लपवण्यासारखे काही राहिले नाही. तू आणि कोकिळा मिळून माझ्यावर चौकशी नेमली, ते ठीक. तिने चावी काढून घेतली. मी खिळा घासून दुसरी केली. तिने तीही घेतली. घरात या विषयावर बोलणे बंद आहे.

तू मला भित्रा म्हणशील. म्हण. आबांचे हात मी धरले होते, तू धरले नव्हतेस. त्यांना दिसले त्या दोन दिवसांत ते सारखे माझ्याकडे बघत होते. केवढा झालास, म्हणाले. आणि नंतर जन्मभर, माझ्या लग्नातसुद्धा, त्यांनी मला नऊ वर्षांचाच धरून चालवले. माणसाला पुरते दिसणे किंवा पुरते न दिसणे हे दोन्ही सोसते, पण दिसून पुन्हा जाणे सोसत नाही. आज मला धूसर का होईना, अंगण दिसते, माडाचे खोड दिसते. रुळावर बोट ठेवले की गाडी कुठवर आली ते कळते. एवढे माझ्याजवळ शिल्लक आहे. ते एखाद्या डॉक्टरच्या हातात देऊन परत न मिळाले तर?

कोकिळेला समजाव. तिला वाटते मी हट्ट करतो. तिचा चेहरा मला अलीकडे दिसत नाही, पण आवाजावरून ती कशी बघत असेल ते कळते.

माझ्यावर रागावलीस तरी पत्र पाठवत जा. आता ते कोकिळाच वाचून दाखवील, तेव्हा जपून लिही.

तुझा,
रामचंद्र


रेवदंडा,
ता. ९ मार्च १९३४

ती. गं. भा. वेणूवन्सं यांस,
कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आणि त्याबरोबरची गाठोडी नजमुद्दीनभाई तुमच्या हातात देतील. गाठोडीत माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं इंजिन आहे. ते कपाटात ठेवा आणि कुलूप लावा. तुमच्या भावाने कितीही लाडीगोडीने लिहिलं, आजारी आहे म्हणून लिहिलं, माझी शपथ घालून लिहिलं, तरी पाठवू नका. या वेळी ओच्याची आठवण काढू नका, हात जोडते.

मी सगळं करून बघितलं. समजावलं, रडले, उपास केला. उपासाच्या दिवशी हेही माझ्याबरोबर उपाशी बसले आणि पुलाचे खांब तासत राहिले. पटाशी अंगठ्यात घुसली तरी म्हणतात, लाकूड कठीण होतं. लाकूड नाही कठीण, वन्सं.

इंजिन गेल्याचं कळल्यावर काय होईल म्हणून मी माजघराच्या दारात उभी राहून बघत होते. पण आरडाओरडा झाला नाही. रिकाम्या रुळावर हात फिरवत गेले, मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत, आणि मग विचारलं, कोकिळे, इंजिन कुठे आहे? मी म्हटलं, मुंबईला चाललं. स्वतः जाऊन आणा, वाटेत इस्पितळ लागतं. तेवढ्यात नजमुद्दीनभाई आले होते, ते उंबऱ्यावरून म्हणाले, गार्डसाहेब, माझ्याच मचव्यातून जातंय, तुम्हालाही नेईन, आणि परत आणेन तेव्हा दिसत नसलं तर माझ्या शिडाला भोक पाडा. हे दोघांशीही बोलत नाहीत. डबे हाताने ढकलतात आणि तोंडाने आवाजसुद्धा काढत नाहीत. मला ते बघवत नाही. पण मी हटायची नाही.

तुमचा माझ्यावर लोभ असेल तर आता कुलपाएवढा घट्ट असू द्या.

आपली,
कोकिळा


मुंबई,
ता. २० एप्रिल १९३४

चि. सौ. कोकिळेस,
आशीर्वाद.

हे पत्र हरेश्वर लिहितो आहे, मी सांगतो आहे. म्हणून ज्या गोष्टी त्याच्यादेखत सांगता येत नाहीत त्या यात नाहीत. त्या आहेत एवढे समज.

इंजिन न्यायला निघालो आणि वाटेत इस्पितळ लागलेच. उजव्या डोळ्याचे काम परवा झाले. फार दुखले नाही. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आहेत, खोकायचे नाही, शिंकायचे नाही, हसायचेही नाही. शेजारच्या खाटेवर रतनशेट म्हणून एक कापडवाला आहे, तो दिवसभर विनोद सांगतो. मी नर्सकडे तक्रार केली आहे. पट्टी कधी सुटेल ते डॉक्टर नीट सांगत नाहीत. दिसेल का विचारले तर म्हणतात, बघू. येथे सगळे बघू म्हणतात, आणि आम्ही खाटेवरचे ऐकून घेतो.

गाडीवर पाणी शिंपडू नकोस, पत्रा गंजेल. पुलावर काही ठेवू नकोस. चौलच्या मंडळींना माझ्या गैरहजेरीत स्टेशन हलवू देऊ नये.

हरेश्वरने हात दुखतो म्हणून येथे थांबायला सांगितले आहे. तू एकटी आहेस, दाराला आडणा घालत जा.

रामचंद्र


रेवदंडा,
ता. २७ एप्रिल १९३४

ती. स्व. इकडच्या चरणी,
कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. हरेश्वर वाचून दाखवील म्हणून मीही बेताने लिहिते.

पुलावर मांजर बसलं आणि पूल कोसळला. मी काही केलं नाही, मांजराला विचारावं. चौलची मंडळी रोज येतात, गाडी नाही तरी येतात, तब्येत विचारतात आणि चहा पितात. स्टेशन कुणी हलवलेलं नाही. केसरने देवाला नारळ बोलला आहे. तिने सांगितलं ते तसंच लिहिते, गार्डसाहेबाला सांग, तांबडा हिरवा कसा का रंगवी ना, परत ये.

ओटीवर आवाज नाही. तो पत्र्याचा खडखडाट कानाला किती वाईट लागायचा! आता संध्याकाळी मी उगीच दोन डबे एकमेकांवर आपटून बघते.

पट्टी सुटेल तेव्हा घाबरू नये. दिसलं तर बरं. नाही दिसलं तर माझे दोन आहेत, ते घरात पुरतील. आबांसारखं कुणाला हात धरायला बोलवावं लागणार नाही, मी आहेच. एवढं हरेश्वरने हळू आवाजात वाचावं.

चरणांची,
कोकिळा


रेवदंडा,
ता. २८ मे १९३४

ती. गं. भा. वेणूवन्सं यांस,
कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे बंधू काल सुखरूप पोचले. तुम्ही आणि हरेश्वरने केलं ते मी शब्दांत काय फेडणार? म्हणून तो प्रयत्न सोडून सरळ गाऱ्हाण्याकडे वळते.

मी धक्क्यावर गेले नाही. दारातच उभी राहिले. नजमुद्दीनभाईंनी दारापर्यंत आणलं आणि मला म्हणाले, वहिनी, सारी वाट मला विचारत होते, मचव्याला नवा रंग कधी दिला? पाच वर्षांत दिलेला नाही. समुद्राकडे बोट दाखवून विचारत, हा एवढा निळा होता काय? त्या जाड भिंगांच्या चष्म्यातून यांचे डोळे केवढाले दिसतात! इंजिन पोटाशी धरलं होतं.

हे उंबऱ्यातच उभे राहिले आणि आपली आगगाडी बघितली. वन्सं, काय सांगू? रूळ नागासारखे वळलेले. चौलचं स्टेशन तिरपं, अलिबागचं त्याहून तिरपं. फलाट एकीकडे, गाडी दुसरीकडे, उतारू मध्ये खड्ड्यात. पाट्यांवर रेवदंडाचा डा उलटा. खाली वाकून हे एकेक बघत गेले. मला वाटलं आता रडतील. तर कपाळाला हात लावून म्हणाले, हे कोणा गाढवाने केलं? आणि इतके हसले की चष्मा घसरला. डॉक्टरने जोराने हसायला मनाई केली आहे, तुम्ही त्यांना लिहा.

संध्याकाळपर्यंत यांनी सगळं उखडलं. मांडव्यापासून खाडीपर्यंत एक रूळ ठेवला नाही. माझ्या मनात आलं, सुटले! आता ओटी मोकळी. तर म्हणतात, जागा अपुरी होती म्हणून मार्ग वाकडा गेला. या वेळी आखणी सरळ करायची, ओटीतून माजघर आणि माजघरातून मागच्या पडवीपर्यंत. मी म्हटलं, मग स्वयंपाकघर कशाला सोडता? तर तिकडेही बघून आले. डावा डोळा पावसाळ्यानंतर काढायचा आहे. त्याने आणखी काय दिसेल याची मला आतापासून धास्ती आहे.

खरं ते शेवटी लिहिते. दिवा लावायला मी देव्हाऱ्याशी गेले, वळले तर हे माझ्याकडे बघत उभे. नुसते बघत. मग म्हणाले, कोकिळे, तुझे केस केव्हा पिकले? मी म्हटलं, तुमचा मोतीबिंदू पिकत होता तेव्हाच. यांनी पुढे येऊन माझ्या कानावरची बट हातात घेतली आणि सावकाश मागे सारली, एखादा सांधा बसवावा तशी. माझ्या हातात काडी तशीच जळत होती, बोट भाजलं. भाजलेल्या बोटाचा राग मी तिथल्या तिथे यांच्यावर काढला, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

आज सकाळपासून पुन्हा ठोकाठोक चालू आहे. मी समोर तांदूळ निवडायला बसले आहे, आणि हे दर चार ठोक्यांनी हात थांबवून माझ्याकडे बघतात. एक खिळा धड बसत नाही. आत्ताच मी ओरडले, इकडे काय बघता, रुळाकडे बघा. तर म्हणाले, रूळ कुठे जातात पळून?

आपली,
कोकिळा